रानमुगाची शेंग तडकते, वावरातली का थांबते?

चोपड्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "सातपुड्याच्या पायथ्याला आमचं वावर आहे. पावसाळ्यात बांधावर रानमूग आपोआप उगवतो. शेंग काळी पडली की उन्हात टचकन फुटते आणि दाणे लांब उडतात. पेरलेल्या मुगाची शेंग मात्र तोडणीपर्यंत बऱ्यापैकी टिकते. पहिल्या शेतकऱ्याने न फुटणारी झाडं शोधून निवडली होती का? आणि आज मी या रानमुगापासून पुन्हा पेरणीचा मूग घडवू शकेन का? किती वर्षं लागतील?"

भाऊ, तुम्ही बांधावर जे पाहता आहात तेच या सगळ्याचं मूळ आहे. माझं काम कडधान्यं आणि तिळाचं बियाणं सुधारण्याचं. त्यासाठी या पिकांचे जंगली सोयरे गोळा करत सातपुड्यात आणि तापी-गिरणेच्या काठाने मी बराच हिंडलो आहे. तो अनुभव, आणि जुन्या वस्त्यांमधल्या जळक्या दाण्यांवरून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी जे शोधलं ते, असं दोन्ही धरून लिहितो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कापणी कशी करता आणि पुढच्या वर्षीचं बी कुठून घेता यावर ठरतं, म्हणून वर्षांचा एकच आकडा देता येणार नाही. का, ते पुढे येईल.

"निवडलं कुणी?" असं विचारलं की आपण लगेच माणसाकडे बघतो. मला वाटतं आधी झाडाकडे बघावं. झाड जागचं हलत नाही. त्याला प्रवासाची एकच संधी मिळते, ती बी असताना. म्हणून बी दूर कसं जाणार, याची सोय प्रत्येक रानटी झाडाने करून ठेवलेली असते. रुईचं बी म्हातारी होऊन वाऱ्यावर जातं. सराटा ढोरांच्या खुरात रुततो, कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरतं. बोराची आठळी कोल्ह्याच्या पोटातून जाते. रानमूग आपलं बी स्वतःच फेकतो. त्याच्या टरफलाच्या आतल्या थरात तिरपे कठीण धागे असतात. शेंग वाळू लागली की दोन्ही फाका उलट्या दिशांना पिळवटू पाहतात, पण शिवण त्यांना धरून ठेवते. एखाद्या दुपारी ऊन लागतं, शिवण सुटते, फाका मळसूत्रासारख्या वळतात आणि दाणे उडतात. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज याच शिवणीचा.

आता या चित्रात माणूस आणा. तो विळ्याने पीक कापतो, पेंढ्या बांधून खळ्यावर नेतो, मळतो आणि त्यातलंच थोडं पुढच्या पावसाळ्यात नव्या जमिनीत पेरतो. ज्या झाडाने कापणीआधीच बी फेकलं त्याचं बी रानात राहिलं. ज्याच्या शिवणीत जन्मतःच खोट होती, जी सुटतच नव्हती, त्याचं बी खळ्यावर पोहोचलं. बांधावर असं झाड दुबळं ठरतं, कारण त्याचं बी शेंगेतच कुजतं. माणसाच्या पेंढीत मात्र तेच सगळ्यात लांब जातं. कुणी मुद्दाम निवडलं नसलं तरी बी वाहून नेणारा बदलला, आणि त्याबरोबर कोणतं झाड यशस्वी हेही बदललं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असंच देईन: निवड झाली, पण बहुतेक वेळा ती करणाऱ्याला आपण काही निवडतो आहोत याची जाणीवसुद्धा नव्हती.

याचा सगळ्यात चांगला पुरावा तृणधान्यांत मिळतो. रानटी भात, ज्वारीत दाणा पिकला की देठापाशी पेशींचा एक पातळ थर सुटतो, रानटी गहू-जवात कणसाच्या दांड्याचे सांधे ठिसूळ होऊन तुटतात, आणि दाणा आपोआप गळतो. पाळीव वाणात ही सुटायची जागा नीट तयारच होत नाही, म्हणून कणीस झोडपावं लागतं. हजारो वर्षांनी जळका तूस हाती आला तरी त्याच्या बुडाशी कडा गुळगुळीत आहेत की फाटलेल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. गुळगुळीत म्हणजे आपोआप गळलेला, फाटलेला म्हणजे झोडपून काढलेला. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या तिआनलुओशान इथे अशी हजारो भाताची बुडं मोजली गेली. सुमारे ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत न गळणाऱ्या भाताचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. माणूस मुद्दाम निवडत असता तर इतकं सावकाश झालं नसतं. १९९० मध्ये हिलमन आणि डेव्हिस यांनी रानटी गव्हावर प्रयोग करून हिशेब मांडला होता की विळ्याने कापणी आणि दरवर्षी नव्या जमिनीत पेरणी असा कडक क्रम पाळला तर वीस ते दोनशे वर्षांत सगळं पीक न गळणारं होऊ शकेल. जमिनीतून निघालेला पुरावा सांगतो की गहू आणि जवाला प्रत्यक्षात दोन-तीन हजार वर्षं लागली.

इतका उशीर का, हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. एक कारण असं की त्याच वावरात पुन्हा पेरलं तर गेल्या वर्षी गळलेला दाणाही उगवतो, म्हणजे फेकणारी झाडं दरवर्षी परत येतात. दुसरं, बी कमी पडलं की लोक पुन्हा रानातून आणत आणि होता तो बदल पुसला जाई. तिसरं कारण कापणीची वेळ आणि पद्धत. दाणा हिरवट असतानाच कापलं तर गळणारं आणि न गळणारं दोन्ही सारखंच घरी येतं. टोपली खाली धरून कणसं झटकली तर टोपलीत उलट गळणाराच दाणा पडतो.

हे पटायला दूर जायची गरज नाही. आपला तीळ बघा. तीळ भारतीय उपखंडातच माणसाळला. हडप्पाला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे जळके तीळ मिळाले आहेत. तरी आजही तिळाचं बोंड पिकल्यावर टोकाला उघडतं आणि वारा आला की दाणे सांडतात. कारण इथली कापणीची रीत. खालची बोंडं पिवळी पडली की आपण तीळ कापतो, पेंढ्या उभ्या करून वाळवतो आणि मग कापडावर उलट्या धरून झटकतो. बोंड उघडणं हे या पद्धतीत माणसाच्या सोयीचंच होतं. बोंड बंद राहणारा तीळ झटकून निघालाच नसता, बडवावा लागला असता. त्यामुळे न उघडणारं झाड पुढे जाण्याचं काही कारण उरलं नाही. बोंड न उघडणारा तीळ पहिल्यांदा नीट नोंदला गेला तो १९४३ मध्ये, व्हेनेझुएलात, आणि त्याचं मोल वाढलं यंत्राने कापणी करणाऱ्यांना. जळगावच्या तेलबिया संशोधनातून आलेला पद्मा असो की जेएलटी-४०८, शेतकऱ्याला आजही कापणीची वेळ साधावीच लागते. पीक माणसाळलं आहे की नाही हे फक्त गळण्यावरून ठरवणाऱ्यांना मी म्हणूनच नेहमी तीळ दाखवतो.

मूग या दोन टोकांच्या मधे आहे. आपल्याकडे मुगाची तोडणी होते. बाया दोन-तीन वेळा वावरात शिरून काळ्या पडलेल्या शेंगा हाताने तोडतात. फुटायच्या आधीच शेंग हाती येते, म्हणून घट्ट शिवणीला फारसा जास्तीचा फायदा मिळत नाही. त्यामुळेच तुमचा पेरलेला मूगही तोडणी लांबली आणि ऊन कडक पडलं की तडकतो. उडदाचंही तेच, फक्त जरा कमी. एकाच झाडावर फूल, हिरवी शेंग आणि काळी शेंग एकत्र दिसणं हाही याच हाताने तोडण्याचा परिणाम आहे असं माझं मत आहे. ज्या पिकाची एकदाच उपटून कापणी होते तिथे एकदम पिकणारी झाडं पुढे जातात.

आता एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण कडधान्यात तिच्यावाचून चालत नाही. तुमच्या रानमुगाचे दाणे मूठभर घ्या आणि रात्रभर भिजत घाला. सकाळी बरेचसे दाणे जसेच्या तसे असतील, गणंग. साल इतकी घट्ट की पाणी आत शिरत नाही. रानटी झाडाला याचा मोठा उपयोग. सगळं बी एकाच पावसाळ्यात उगवलं आणि मृगानंतर खंड पडला तर वंशच बुडेल. म्हणून काही दाणे यंदा, काही पुढच्या साली, काही त्याच्याही पुढे. शेंग बीला जागेत पसरवते, टणक साल त्याला काळात पसरवते. माणूस पेरणी करू लागला की हे उलटतं. पेरल्यावर लगेच उगवणारा दाणाच त्या वर्षीच्या कापणीत सापडतो, गणंग मातीत राहतो. म्हणजे शेंगेच्या आधी साल बदलली असावी, निदान काही कडधान्यांत तरी. कुळथाचा याबाबत सुंदर अभ्यास झाला आहे. २०१७ मध्ये मर्फी आणि फुलर यांनी दक्षिण भारतातल्या उत्खननांतले कुळथाचे जळके दाणे न फोडता, तीव्र क्ष-किरणांनी आतून तपासले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात सालीची जाडी कमी होत गेलेली त्यांना दिसली. ज्या कुळथाची आपण शेंगोळी करतो, त्याची साल पातळ होत असतानाचा काळ असा मोजता आला आहे.

इथपर्यंत आपण बी माणसाच्या हातात आल्यानंतरचं बोललो. पण माणसाच्या आधी ते कुणाच्या ताब्यात होतं? अलीकडच्या काळात रॉबर्ट स्पेंग्लर आणि नटाली म्युलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न पुढे आणला, आणि तो मला फार पटतो. राजगिरा, चाकवत, सावा, राळा यांसारख्या बारीक दाण्याच्या झाडांना गोड फळ नाही, उडायला पंख नाहीत. दाणा इतका बारीक की तो वेचून खाणं परवडू नये, मग माणूस त्यांच्या वाटेला गेलाच कसा? त्यांचं म्हणणं असं की चरणारे कळप पाला खाताना बीही खातात, ते दाढांखाली न चिरडता पोटातून जातं आणि शेणाबरोबर पडतं. कळपाच्या वाटेवर, बसायच्या जागेवर त्याच झाडांची दाट ताटवं तयार होतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या गवताळ रानात गव्यांच्या जातीचे बायसन चरतात, तिथे त्यांच्या वाटांवर म्युलर यांना असे ताटवे सापडले. त्यातली काही झाडं पूर्वी त्या प्रदेशातले लोक शेतात पेरत असत. माणसाला मैलोन्मैल दाणा वेचावा लागला नाही. कळपाने तो आधीच एका जागी आणून ठेवला होता.

आपल्याकडे हे डोळ्यांनी पाहता येतं. साक्रीकडचे ठेलारी उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन फिरतात आणि शेतकरी त्यांना वावरात बसवून घेतात. खत मिळतं, आणि पहिल्या पावसानंतर त्या तुकड्यात माठ, चाकवत आणि बारीक गवतांची रोपं किती दाटीने येतात हे तुम्ही पाहिलंच असेल. वेडी बाभूळ तर याचं ठसठशीत उदाहरण. मूळची अमेरिकेतली, पण शेळ्या आणि गाई तिच्या गोडसर शेंगा खातात, बी साबूत बाहेर पडतं, आणि गावठाणापासून नाल्यापर्यंत जिथे ढोरं गेली तिथे ती गेली.

यावरून दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल माझा एक अंदाज आहे, आणि तो अंदाज म्हणूनच घ्या. मूग आणि कुळीथ लावणारे दक्षिणेतले आधीचे लोक गुरं पाळणारे होते. कर्नाटक-तेलंगणात त्यांनी जाळलेल्या शेणाचे राखेचे प्रचंड ढिगारे अजून उभे आहेत. रायचूर-बळ्ळारीच्या त्या भागात मूग-कुळथाबरोबर राळ्याच्या जातीचं, अंगाला चिकटणारं एक गवतही ते खात होते. टणक सालीचं कडधान्य आणि केसाळ अंगाला चिकटणारं गवत, दोन्ही गुरांबरोबर फिरायला तयार असलेली झाडं. गोठ्याभोवती ती आधी उगवली असतील आणि माणसाने नंतर ओळखली असतील, असं मला वाटतं. तापी-गोमईच्या संगमावरचं प्रकाशे (१९५५ मध्ये तिथे उत्खनन झालं) किंवा गिरणेकाठचं बहाळ ही ताम्रपाषाण काळातली गावं वसली तेव्हा गहू आणि जव पश्चिम आशियात केव्हाच माणसाळलेले होते. ज्वारी-बाजरीची घडण आफ्रिकेत झाली: ज्वारीचा न गळणारा दाणा पूर्व सुदानमध्ये पाच हजार वर्षांहून जुना आहे, बाजरीचा मालीमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांचा. म्हणजे कळण्याच्या भाकरीतली ज्वारी बाहेरून घडून आली, उडीद मात्र इथल्या मातीतला.

फळांची गोष्ट निराळी आहे, थोडक्यात सांगतो. मोठं फळ मोठ्या प्राण्यासाठी असतं. कवठाचं कवच हत्तीला अडवत नाही, तो ते अख्खं गिळतो आणि बी दूर टाकतो. नर्मदा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत आजच्याहून मोठ्या, नामशेष झालेल्या हत्तींचे जीवाश्म सापडले आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे तर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या, नक्षी कोरलेल्या शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे निघाले. एके काळी खानदेशात शहामृग फिरत होता. असे मोठे वाहक गेल्यावर अनेक मोठ्या फळांची झाडं जिथल्या तिथे अडकून पडली आणि त्यांना पुढचा वाहक माणसात मिळाला. फळ मोठं करायचं काम माणसाच्या खूप आधी प्राण्यांनी केलं होतं. मेहरूणच्या बोरात माणसाचा हात नक्की आहे, पण बोर गोड व्हायला सुरुवात त्याच्या आधीची आहे. आणि केळी या वाटेच्या अगदी शेवटी पोहोचली. सातपुड्यातली रानकेळ कापून पाहिलीत तर गर नावाला आणि काळ्या बिया ठासून भरलेल्या दिसतील. ती आपल्या केळीची दूरची नातलग. खाण्याच्या केळीने बीच सोडून दिलं. रावेर-यावलच्या बागेतली ग्रँड नैन कंदाने किंवा ऊतिसंवर्धित रोपाने माणूस नेईल तिथेच जाते, एरवी एक पाऊलही नाही. सगळी झाडं एकसारखी असल्याने एखादा रोग आला तर तोही सगळ्यांना सारखाच लागतो. ही त्या सोयीची किंमत आहे आणि बागायतदाराने ती ध्यानात ठेवावी.

आता तुमचा प्रयोग. करायचाच असेल तर माझ्या मते असा करा. रानमुगाच्या शेंगा रोज हाताने तोडून बी जमवू नका, त्यात शिवणीची परीक्षाच होत नाही. बरीच शेंग काळी पडेपर्यंत थांबा, चार-आठ दिवस कडक ऊन खाऊ द्या आणि मग झाडं मुळाशी कापून न फुटलेल्या शेंगांचंच बी ठेवा. बी थोडंच मिळेल, पण तेच कामाचं. ते दुसऱ्या वावरात पेरा, जिथे रानमूग कधी पडलेला नाही. साल खरवडू नका किंवा गरम पाण्यात टाकू नका. आपोआप उगवेल तेवढ्याच रोपांचं बी पुढे न्या. शेजारी पेरलेला मूग नको. दोघं मुळात एकाच जातीचे आहेत, त्यांचा संकर सहज होतो. मूग बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, तरी मधमाश्या थोडी सरमिसळ करतातच, आणि मग तुम्हाला रानमूग बदलला की शेतातला मूग त्यात शिरला हे कळणार नाही.

गणंग लवकर कमी होतील, काही हंगामांत फरक दिसावा. शेंगेचं तसं नाही. न तडकण्याचा गुण बहुतेक वेळा झाडातल्या एखाद्या जनुकाचं काम बिघडल्याने येतो. तुमच्या बांधावरच्या झाडांत तो बिघाड आधीपासून असला तर वेगाने वर येईल. नसला तर तो केव्हा उपजेल हे कुणाच्याच हातात नाही. म्हणून सुरुवात शक्य तितक्या जास्त झाडांपासून, वेगवेगळ्या बांधांवरून आणि नाल्याकाठून करा. पेरणीचा मूग लवकर हवा असेल तर दोघांचा मुद्दाम संकर करणं हीच जवळची वाट आहे आणि पीकपैदासकार तेच करतात. मादागास्करमधल्या एका रानमुगात साठवणीतल्या भुंगेऱ्याला तोंड देण्याची ताकद सापडली, आणि ती पेरणीच्या मुगात आणायचं काम अशाच संकरातून झालं.

त्यामुळे प्रयोग होवो न होवो, बांध तणनाशकाने साफ करू नका. शेंगा तडकायच्या आत थोडं बी कागदाच्या पाकिटात घ्या, प्लास्टिकमध्ये नको. पाकिटावर गाव, जमीन हलकी की भारी, शेजारचं पीक, तोडल्याची तारीख आणि त्या वर्षी झाडावर रोग दिसला की नाही एवढं लिहा. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. अशी जंगली वाणं जतन करणं हे त्यांच्या कामातच बसतं. पाठवण्याआधी त्यांना विचारा, आणि त्यातलं निम्मं बी स्वतःकडे ठेवा.